दिव्याखाली अंधार

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांची दिव्याची गोष्ट आमच्या मुलांना तोंडपाठ असते. सरकारी काम संपले की बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवायचा, घरगुती बोलण्यासाठी स्वतःच्या तेलाचा दिवा लावायचा, असा हा खलिफा. वाझमध्ये ही गोष्ट निघाली की जमात ‘सुभानल्लाह’ म्हणते आणि घरी जाते. आमची तक्रार या घरी जाण्याबद्दल आहे.

इ.स. ७१७ ते ७२० अशी जेमतेम अडीच वर्षे ते उमय्या घराण्याच्या गादीवर होते. तेवढ्यात त्यांनी काय केले, हे मात्र कुणी सांगत नाही.

इस्लाम स्वीकारलेल्या बिगर-अरबांना तेव्हा ‘मवाली’ म्हणत. (मराठीत या शब्दाचे पुढे काय झाले, ते सांगायला नको.) तबरीने नोंदवले आहे की, खुरासानात असे वीस हजार मवाली सैनिक पगाराविना लढत होते आणि कलमा पढलेल्यांकडूनही जिझिया उकळला जात होता. उमर यांनी तो बंद करायला सांगितला. तेथील सुभेदार जर्राह याने सुचवले की, लोक करापोटी मुसलमान होतात, तेव्हा त्यांची सुंता तपासावी. उमर यांनी ते फेटाळले. पैगंबरांना अल्लाहने लोकांना बोलावण्यासाठी पाठवले होते, सुंता करण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. पुढे जर्राहला पदावरूनही काढले.

जुम्म्याच्या खुतब्यात हजरत अली यांना शिव्याशाप देण्याची आपल्याच घराण्याची प्रथा त्यांनी मोडली. तिच्या जागी न्याय आणि उपकाराचा हुकूम देणारी सूरह नहलची ९०वी आयत आणली. ती आजही खुतब्यात पढली जाते. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तिचा हा इतिहास ठाऊक आहे?

म्हणजे त्यांनी नुसता दिवा विझवला नाही. नवमुस्लिम आणि अरब यांतला भेद मोडला, मिंबरावरचा द्वेष थांबवला. हे अवघड आहे, म्हणूनच आपण दिव्यावर थांबतो. माणसाला वली ठरवले की त्याचे अनुकरण करण्यातून सुटका होते! मग बिरादरी पाहूनच सोयरीक जुळते, मसलकाच्या नावाने मशिदी वेगळ्या होतात, संस्थेचा हिशेब मागणारा फितूर ठरतो; आणि दिव्याची गोष्ट चालूच राहते.

सीरियात मआर्रतुन्नुमानजवळ त्यांची कबर. २०२० साली यादवी युद्धात तिची नासधूस झाली, ती उकरली गेली. आम्ही हळहळलो. पण दगडमातीची कबर उद्ध्वस्त होण्याआधीच त्यांचे काम आपण गोष्टीखाली पुरले होते, हे कबूल कोण करणार?

पुढच्या वर्गात आम्ही दिव्याची गोष्ट जरूर सांगू. पण ती संपल्यावर मुलांना विचारू: आपल्या मोहल्ल्यात बैतुलमालचे तेल कोण जाळतो आहे? या प्रश्नाने काही वडीलधारे रागावतील. रागावू देत.