बीडची गाडी आणि अंत्योदयाची कसोटी

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर ७७ वर्षांनी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनाचाच मुहूर्त साधून, १७ सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीडच्या स्थानकात हिरवा झेंडा दाखवला आणि बीड–अहिल्यानगर डेमू गाडी धावू लागली. त्या दिवशी फलाटावर आलेल्या वृद्धांपैकी कित्येकांनी आपल्या गावात आगगाडी येईल ही बातमी तरुणपणी ऐकली होती. नातवाचा हात धरून ती गाडी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. ज्यांना ते लाभले नाही, अशांची संख्याही मोठी आहे.

आनंदाचा हा क्षण साजरा झाला, तो व्हायलाच हवा होता. परंतु उत्सवाचे तोरण उतरल्यावर एक प्रश्न उरतोच. ही गाडी बीडच्या माणसासाठी धावते, की बीडपर्यंत केवळ धावते? या दोहोंतील अंतर वाटते त्यापेक्षा मोठे आहे.

उपेक्षेचा इतिहास

मराठवाड्यात लोहमार्ग आले ते निजामाच्या सोयीने. एकोणिसावे शतक संपता संपता मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा मार्ग आखला गेला, तो राजधानीला मुंबईच्या बाजूशी जोडण्यासाठी. वाटेतील प्रजेचे योगक्षेम हा त्यामागील हेतू नव्हता. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले बीड या आखणीत कोठेच बसत नव्हते. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीपर्यंत रूळ पोहोचले, पण जिल्ह्याचे ठिकाण कोरडेच राहिले.

निजाम गेला, स्वराज्य आले. तरी बीडच्या नशिबी प्रतीक्षाच आली. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, निवेदनांचे भारे दिल्लीला गेले. काँग्रेसच्या खासदार केशरकाकू क्षीरसागर यांनी हा विषय लावून धरला होता, हे पक्षभेद विसरून नमूद केले पाहिजे. १९९५–९६ मध्ये अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली. तेव्हा अपेक्षित खर्च होता ३५३ कोटी रुपये. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. अर्थसंकल्पात नाममात्र तरतूद करायची, भूसंपादन रेंगाळू द्यायचे आणि वाढलेल्या खर्चाकडे बोट दाखवून पुन्हा काम रेंगाळू द्यायचे, असे चक्र चालू राहिले. हा आकडा पुढे ४,८०० कोटींच्या वर गेला. विलंबाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे सांगण्यास आणखी पुराव्याची गरज नाही.

गोपीनाथ मुंडे यांनी या मार्गाचा ध्यास घेतला होता. निम्मा खर्च राज्य शासनाने उचलण्याचे सूत्र स्वीकारले गेले, केंद्र व राज्य या दोन्हींचा निधी नियमित येऊ लागला आणि मगच कामाला गती आली. पण ३ जून २०१४ रोजी काळाने मुंडे यांना हिरावून नेले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर–आष्टी ही ६६ किलोमीटरची गाडी सुरू झाली आणि तीन वर्षांनी ती बीडला पोहोचली. परळीपर्यंतचा टप्पा मात्र त्यानंतरचा.

या मार्गाच्या एका टोकाला जे शहर आहे, त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव लाभले आहे. दुसऱ्या टोकाला परळीचे वैद्यनाथ मंदिर आहे, ज्याचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनीच केला. त्यांचे जन्मस्थान चौंडी हे आष्टी तालुक्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधणाऱ्या त्या राज्यकर्तीने प्रवास करणाऱ्या सामान्य यात्रिकाचा विचार आधी केला. त्यांच्या नावाच्या नगरीतून निघणाऱ्या गाडीनेही तोच विचार आधी करावा, ही अपेक्षा गैर नाही.

डेमू म्हणजे काय?

डेमू हे नाव आता खेडोपाडी परिचित झाले आहे. पण या गाडीचे वैशिष्ट्य अनेकांच्या ध्यानात येत नाही. नेहमीच्या गाडीला स्वतंत्र इंजिन जोडावे लागते. डेमूमध्ये डिझेल इंजिन आणि त्यावर चालणारे वीजजनित्र गाडीच्याच डब्यात बसवलेले असते. त्या विजेवर चाकांलगतच्या मोटारी फिरतात. दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून उलट बाजूला लावण्याचा खटाटोप करावा लागत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला की गाडी परतीला सज्ज. दर सात-आठ किलोमीटरवर थांबणाऱ्या सेवेला ही रचना सोयीची, आणि विजेच्या तारा नसलेल्या मार्गावरही ती चालते. १९९० च्या दशकापासून चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत अशा गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. हे तंत्र आपल्याच कारखान्यांत रुजलेले आहे.

थोडक्यात, डेमू ही दूरच्या प्रवासाची गाडी नव्हे. ती सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाची गाडी आहे. एसटीने खेड्यांसाठी रस्त्यावर जे केले, ते रुळांवर करण्यासाठी ती जन्मली. म्हणून तिचे यश वेगावर किंवा डब्यांच्या झगमगाटावर मोजायचे नसते. ती किती वेळा येते, कोणत्या वेळी येते आणि परत कधी आणून सोडते, यावर ते मोजायचे असते.

वेळापत्रकातील उणीव

नेमके येथेच बीडच्या गाडीचे घोडे अडले. प्रारंभी जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ही गाडी रविवार वगळता रोज एक फेरी करणार होती. अहिल्यानगरहून सकाळी ६.५५ ला निघून दुपारी १२.३० ला बीड. बीडहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६.३० ला अहिल्यानगर. सुमारे १६७ किलोमीटरच्या अंतराला साडेपाच तास, म्हणजे ताशी जेमतेम ३० किलोमीटर. एसटीची बस त्याहून कमी वेळात पोहोचवते.

नव्या मार्गावर वेग हळूहळू वाढतो, हे समजण्यासारखे आहे. पण वेळांचा विचार करा. रायमोह्याच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला अहिल्यानगरच्या रुग्णालयात डोळे दाखवायचे आहेत. दुपारच्या गाडीने तो निघाला, तर पोहोचेपर्यंत दवाखान्याची वेळ टळलेली असेल. मुक्काम करावा, तर परतीची एकमेव गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमारास सुटते, तपासणी सुरू होण्याच्याही आधी. म्हणजे तपासणीच्या एका तासासाठी दोन रात्री परगावी काढायच्या. कड्याच्या एखाद्या मुलीला अहिल्यानगरच्या महाविद्यालयात रोज जायचे असेल, तर संध्याकाळी शहरात नेणारी ही गाडी तिच्या काय कामाची? सकाळी शहराकडून गावाकडे आणि संध्याकाळी गावाकडून शहराकडे, असा उलटा प्रवास किती जण करतात?

आणि मग म्हटले जाते की गाडीला प्रवासी मिळत नाहीत. आष्टीपर्यंतच्या गाडीबाबतही डबे रिकामे धावतात, अशी चर्चा झाली होती. ज्या गाडीच्या वेळा लोकांच्या दिनक्रमाशी जुळत नाहीत, तिच्यात लोक बसावेत कसे? सदोष वेळापत्रक आखायचे आणि मग प्रवासी नसल्याचे कारण सांगून फेऱ्या वाढवण्यास नकार द्यायचा, हा न्याय नव्हे.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. गाडीचा रात्रीचा मुक्काम अहिल्यानगरऐवजी बीडला ठेवावा. तीच गाडी, तेच डबे, तेवढेच डिझेल. पण पहाटे बीडहून निघून सकाळी अहिल्यानगरला आणि संध्याकाळी तेथून परत. कर्मचाऱ्यांसाठी विश्रांतीची जागा, इंधन भरण्याची व्यवस्था आणि पहारा एवढे उभारले की काम भागेल. पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी द्यावी आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांशी तिचा मेळ घालावा. सुरक्षेकडेही काणाडोळा नको. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून येणाऱ्या डेमूच्या पाच डब्यांना आग लागली होती. जीवितहानी झाली नाही ही ईश्वरकृपा. पण देखभालीचे काम ईश्वरकृपेवर सोडता येत नाही.

कोयता आणि रूळ

बीडसाठी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. दसरा झाला की या जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात काढायचे. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि बरोबर जातात शाळेतून नाव निघालेली लेकरे. गोपीनाथ मुंडे या कामगारांचे नेते होते, ते याच वेदनेतून. ज्या संत भगवानबाबांनी या समाजाला शिक्षणाची वाट दाखवली, त्यांच्या नावाने शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे सुरू केली, हे योग्यच झाले.

डेमूमुळे ऊसतोड थांबेल, असे कोणी म्हणणार नाही. फडावर जाणारा कामगार बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रकनेच जाईल. पण त्याच्या पुढच्या पिढीने कोयता हाती घ्यायचा की नाही, याचा निकाल मात्र अशा गाडीवर काही अंशी अवलंबून आहे. गावात राहून, घरची भाकरी खाऊन, रोज शहरात शिकायला किंवा कामाला जाता आले, तर घर मोडत नाही, कुटुंब विखुरत नाही. आई-वडिलांच्या छायेत मूल वाढते. ग्रामजीवन टिकवण्याच्या चर्चा व्यासपीठावर पुष्कळ होतात. प्रत्यक्षात ते टिकते ते पहाटेच्या गाडीमुळे आणि संध्याकाळच्या परतीमुळे.

काश्मीर खोऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. ११ ऑक्टोबर २००८ रोजी खोऱ्यात पहिली गाडी धावली, तीही डेमूच. तेव्हा तो मार्ग उर्वरित भारताशी जोडलेलाही नव्हता. २०१३ मध्ये पीरपंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा ओलांडून ती बनिहालला पोहोचली. दिवसातून अनेक फेऱ्या होत असल्याने विद्यार्थी, रुग्ण, नोकरदार यांची ती हक्काची गाडी झाली. फुटीरतावाद्यांच्या बंदमुळे आणि सुरक्षेच्या कारणांमुळे ती वारंवार थांबली आणि प्रत्येक वेळी पुन्हा धावली. ६ जून २०२५ रोजी चिनाब पुलाचे लोकार्पण होऊन कटरा–श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तेव्हा साऱ्या देशाने त्याचा अभिमान बाळगला. परंतु लोहमार्ग आपला आहे ही भावना सामान्य काश्मिरी माणसाच्या मनात आधीची सतरा वर्षे रुजवली, ती साध्या पॅसेंजर गाडीने. राष्ट्रीय एकात्मता भव्य पुलांनी दिसते. नित्याच्या व्यवहाराने ती मुरते.

आक्षेप आणि उत्तर

डिझेलचा काळ आता संपला, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. देशातील रुंद मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. काश्मीर खोऱ्यातील मार्गही २०२२ मध्ये विजेवर आला. आयात तेलावरील भार कमी होत असेल, तर स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याचे स्वागतच करावे. उद्या बीडला डेमूच्या जागी विजेवरची मेमू धावो. प्रश्न इंधनाचा नाहीच. गाडी डिझेलवर चालो वा विजेवर, ती कोणाच्या घड्याळावर चालते, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप तोट्याचा. प्रवासी भाड्यात सरासरी ४६ टक्के सवलत रेल्वे सोसते, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये सांगितले होते. हा भार लहान नाही. पण शाळेचा नफा कोणी रोजच्या जमाखर्चात मोजत नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. रांगेतील शेवटच्या माणसापासून विकासाचे मोजमाप सुरू करावे, ही त्यांची शिकवण. आज त्या शिकवणीचे अभिमानी सत्तेवर आहेत. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा अधिक, आणि म्हणूनच आपल्याच माणसांना चार शब्द ऐकवण्याचा अधिकारही अधिक.

समाजाचे कर्तव्य

सारे काही शासनाने करावे, ही वृत्तीही बरी नव्हे. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय घरोघरी गेला, त्यात नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. या मार्गावरील गावोगावच्या कार्यकर्त्यांना येथे प्रत्यक्ष काम आहे. कोणत्या गावातून रोज किती जण शिक्षणाला, दवाखान्याला, बाजाराला, नोकरीला जातात, किती वाजता जातात आणि किती वाजता परततात, याची नोंद घरोघर जाऊन करावी. अशा नोंदी हाती घेऊन केलेली मागणी घोषणांपेक्षा अधिक वजनदार असते. स्थानक स्वच्छ ठेवावे, तिकीट काढूनच प्रवास करावा. तिकीट न काढणारा केवळ रेल्वेला फसवत नाही. आपल्या गावाच्या गाडीला प्रवासीच नाहीत, असा खोटा पुरावा तो निर्माण करतो.

तीन दशके बीडने रुळांची वाट पाहिली. रूळ आले, गाडी आली. आता गाडीने बीडच्या माणसाची वेळ पाळली पाहिजे. पहाटे कडा, अंमळनेर, राजुरीच्या फलाटांवर दप्तर घेतलेल्या मुली उभ्या असतील आणि दिवेलागणीला त्याच गाडीने घरी परततील, त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचे एक राहिलेले काम पूर्ण झाले असे समजावे.