हत्तीच्या गोष्टीतला माहूत कुठे गेला?

आपल्या समाजातील उद्योजकांच्या परिषदा आणि मेळावे अलीकडे वाढले आहेत. आम्ही त्यांचे स्वागतच करतो. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत, कंत्राटीकरणाने आरक्षण पोकळ केले आहे. अशा वेळी आपला पोरगा वर्कशॉप टाकतो, आपली पोरगी कॅटरिंगचा धंदा उभा करते, याचा अभिमान नसेल तर आपण कसले आंबेडकरवादी? पण या परिषदांत एक नवे प्रस्थ शिरले आहे आणि त्याबद्दल आता स्पष्ट बोलायला हवे. हे प्रस्थ म्हणजे मोटिव्हेशनल स्पीकर.

अशाच एका परिषदेला आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. मंचावर बाबासाहेबांची प्रतिमा, खाली गच्च भरलेले सभागृह. सकाळी बँकेचे एक साहेब आले, योजनांची नावे वाचून दहा मिनिटांत निघाले. फॅब्रिकेशनचे काम करणारा एक तरुण हात वर करून उभा राहिला. म्हणाला, "तारण नाही म्हणून माझी फाईल तीन वेळा परत आली. आता मी काय करू?" सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी प्रश्न नंतर घेऊ." तो "नंतर" दिवसभरात आलाच नाही.

मग वक्ते आले. त्यांना मात्र दीड तास होता. त्यांनी हत्तीची गोष्ट सांगितली. पिल्लू असताना हत्तीला साखळीने बांधतात. ते ओढून ओढून थकते. मोठा झाल्यावर तोच हत्ती साध्या दोरीने बांधला तरी जागचा हलत नाही. "मित्रांनो, दोरी पायात नाही, दोरी तुमच्या डोक्यात आहे!" सभागृह दणाणले. त्या फॅब्रिकेशनवाल्या तरुणाने टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, आम्हीही वाजवल्या. माणूस बोलण्यात पट्टीचा होता. हसवले, डोळ्यांत पाणी आणले.

परतीच्या एसटीत आमच्यातल्या एकाने विचारले, "अरे, त्या हत्तीला बांधले कुणी?"

मुद्दा हाच आहे. गोष्टीत हत्ती आहे, साखळी आहे, दोरी आहे. माहूत नाही. हत्ती कुणाची ओझी वाहतो आणि त्याच्या बांधून राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे विचारायचेच नाही. दोष सगळा हत्तीच्या डोक्याचा.

ही गोष्ट बाबासाहेबांना लावून पाहा. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला बाजार कळत नव्हता का? त्यांचा "माइंडसेट" कमी पडला का? दोरी त्यांच्या डोक्यात होती का? ज्या वक्त्याला हो म्हणायची हिंमत असेल त्याने बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहून म्हणावे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले, पैसे दिले. गंगारामांनी "सत्यसुधारक" हॉटेल काढले. चहा चांगला, स्वच्छता चोख, पण महाराच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. आज एखादा वक्ता गंगारामांना भेटला असता तर म्हणाला असता, "ब्रँडिंग सुधारा, हसून स्वागत करा." शाहू महाराजांनी भाषण दिले नाही. त्यांनी भांडवल दिले आणि बाजारातली जात फोडायला राजसत्ता कामाला लावली. उद्योजकतेचा याहून मोठा धडा कुठल्या पंचतारांकित हॉटेलात मिळणार आहे?

कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. मग अलीकडचे घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक होता तो आडनावांचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दलित आडनावांना मुलाखतीचे बोलावणे कमी. २०१२ साली देशातल्या १००० बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के. बिझनेस कॉन्फरन्समध्ये पहिल्या रांगेत बसणारे हेच लोक. ऑर्डर यांच्या हातात, ओळखी यांच्या हातात. आणि आपल्याला सांगितले जाते की अडथळा आपल्या डोक्यात आहे!

आता कायद्याकडे या. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीतली ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे त्याच्या बरीच खाली राहिली. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने प्रत्येक बँक शाखेला किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यायला सांगितले होते. आपल्या तालुक्यातल्या किती शाखांनी दिले? हा प्रश्न त्या दिवशी मंचावरून कुणी विचारला नाही. विचारला असता तर बँकेच्या साहेबांना दहा मिनिटांत उठता आले नसते.

आमच्यावर आक्षेप येणार हे ठाऊक आहे. "तुम्ही सगळीकडे नकारात्मकता आणता. बाबासाहेबांनीच स्वावलंबन शिकवले ना?" होय, शिकवले. आत्मविश्वास हवाच, शिस्त हवीच, हिशेब चोख हवा. पण बाबासाहेबांनी स्वाभिमान जागा केला तो गुलामीची जाणीव करून देऊन, गुलामी विसरायला लावून नव्हे. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तीही परिषदच होती आणि तेही भाषणच होते. त्या भाषणात बाबासाहेबांनी कामगारांच्या दोन शत्रूंची नावे घेतली : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. श्रोता तिथून परतला तो लढायचे कुणाशी हे कळून. आजचा श्रोता परततो तो स्वतःशीच लढत.

दुसरा आक्षेप : "लोकांना रटाळ भाषणे नको असतात. थोडी करमणूक हवी." अगदी मान्य. पण करमणूक करता करता विचार देणे हे आपल्याला कॉर्पोरेटवाल्यांनी शिकवावे? सत्यशोधक जलसे कुणी उभे केले? भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांना गावोगाव माणसे जमत ती कशासाठी? तिथे हसू होते, सोंग होते, सवाल-जवाब होते. पण हसू भटशाहीवर होते, सावकारावर होते, आपल्यातल्या अंधश्रद्धेवरही होते. जलशाने माहुताला मंचावर आणून उभे केले. आजच्या वक्त्याने त्याला विंगेत लपवले आहे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" याचे त्याने "स्किल, नेटवर्किंग, हार्डवर्क" करून टाकले आणि आपण त्यालाही टाळ्या दिल्या.

म्हणून आमचे आयोजक बांधवांना आणि भगिनींना सांगणे आहे. वक्ता जरूर बोलवा, हसवणाराही बोलवा. पण बोलवण्याआधी विचारा : तुमच्या भाषणात जात हा शब्द किती वेळा येतो? वक्त्याला अर्धा तास द्या आणि प्रश्नांना दीड तास. बँकेचा अधिकारी शेवटपर्यंत बसेल अशी अट घाला. जिल्ह्यातल्या शाखांची कर्जवाटपाची आकडेवारी माहिती अधिकारात मागवा आणि ती मंचावर वाचा. यशस्वी उद्योजकासोबत ज्याचा धंदा बुडाला त्यालाही माइक द्या, कारण खड्डा कुठे आहे हे पडलेल्यालाच माहीत असते. आणि परिषद संपताना सेल्फीऐवजी एक ठराव घ्या : नाकारलेल्या फायलींची यादी, त्यासाठी समिती, तारीख आणि जबाबदार माणूस.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी हत्तीची गोष्ट सांगू लागला तर टाळी वाजवण्याआधी उभे राहा. शांतपणे विचारा, "सर, माहूत कोण होता?"

त्या फॅब्रिकेशनवाल्या तरुणाचा नंबर आम्ही घेतला आहे. चौथ्यांदा फाईल घेऊन तो बँकेत जाईल तेव्हा तो एकटा नसेल.

जय भीम!