आधी बी.एस्सी., मग डॉक्टरी?

बारावीच्या निकालानंतर एका विद्यार्थिनीच्या अम्मी तिला घेऊन आमच्याकडे आल्या. ‘नीट’मध्ये सीट मिळण्याइतके गुण नव्हते. “सर, आधी बी.एस्सी. केली की डॉक्टरीला जाता येतं ना? आमचा भाचा अमेरिकेत तसाच गेला.”

तिकडे रीतच तशी आहे. चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग मेडिकल. आपल्याकडे पदवी हाती असली तरी एमबीबीएससाठी तीच ७२० गुणांची ‘नीट’. हे आम्ही स्पष्ट सांगितले.

तरी बी.एस्सी.ला प्रवेश घ्या, असेच म्हणालो. ‘नीट’ला वयाची कमाल अट २०२२पासून राहिलेली नाही. शिवाय घरी बसून तयारी करणाऱ्या मुलीला लगेच स्थळे येऊ लागतात. कॉलेजात जाणारीला थोडी उसंत मिळते. (अम्मी यावर हसल्या, मुलगी नाही.) डॉक्टरी नाहीच जमली, तर एम.एस्सी., बी.एड. आहेच.

प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यायचे ठरले. इतका वेळ गप्प असलेली मुलगी तेव्हा बोलली, “सर, मग फिजिक्स सुटेल. ‘नीट’मध्ये १८० गुण त्याचेच आहेत.”

आमच्या ते ध्यानातच आले नव्हते. प्राणिशास्त्र खोडून तिनेच फॉर्मवर फिजिक्स लिहिले.