शेजारच्या खुर्चीचा पगार

हिंजवडीत रुजू झालेल्या नव्या संगणक अभियंत्याचा पहिला पगार घरच्यांना मोठा वाटतो. त्यालाही वाटतो, पण कॉलेजच्या ग्रुपवर मित्राचे ‘पॅकेज’ कळेपर्यंतच. मग झोप उडते.

याला हावरटपणा म्हणण्याची घाई नको. जर्मनीतील बॉन विद्यापीठात दोघादोघांना शेजारच्या स्कॅनरमध्ये ठेवून एकच काम देण्यात आले. आपला मोबदला तेवढाच असूनही शेजाऱ्याला जास्त मिळाल्याचे कळले, की मेंदूतील बक्षिसाला दाद देणारा भाग थंडावत होता. २००७ मधील हे संशोधन. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार पाहण्याची सोय दाखवली, तेव्हा कमी पगारवाले नाराज होऊन दुसरी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. जास्त पगारवाल्यांचे समाधान मात्र वाढले नाही!

तरीही ही अस्वस्थता निव्वळ मनाचा खेळ ठरवणे कंपन्यांच्याच सोयीचे. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्यांचे वार्षिक वेतन दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले. पुण्यातले घरभाडे थांबले नाही. चिंतेला हिशेबाचाही आधार आहे.

फक्त हिशेब नीट हवा. ग्रुपवरचा आकडा बहुधा ‘सीटीसी’ असतो. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिळेल न मिळेल असा व्हेरिएबलही धरलेला असतो. तुलना करायचीच तर हाती येणाऱ्या रकमेची, त्याच शहरातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाशी करावी. आणि झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.