आईचं फिरणं

यंदा पिपरी मेघेला गेलो तर आईचं संध्याकाळचं फिरणं बंद! गुडघ्यांमुळे नाही हो, रस्त्यामुळे. डांबर थेट फाटकाला भिडलंय, गाड्या सुसाट, सायकलवाली पोरं नालीच्या कडेकडेने.

उपाय विचारा, सगळे म्हणतात रुंद करा. वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात २०२० साली जुनी झाडं पडली, लोकांना आंदोलन करावं लागलं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर मात्र पदपथच रुंद केले (त्यावर दुचाक्या चढतात, ते वेगळं). आमच्या गल्लीत नालीवर ढापे टाकून चालायची वाट केली आणि वळणावर एक गतिरोधक घातला, तरी पुष्कळ.

आईला म्हटलं, अर्ज करू.

"कर. पण आधी तुझी गाडी आत घे, रस्त्यातच लावली तू."