सोफा, बोका आणि फवारा

परवा एक मावशी घरी आल्या होत्या. सोफ्याच्या अगदी कडेला, चार बोटं जागेत, पदर सावरून बसल्या. उरलेला सोफा रिकामा होता, पण त्यावर भुऱ्याचे तीन-चार केस होते ना! (भुऱ्या म्हणजे आमचा बोका. वय वर्षं सात, वजन साडेपाच किलो, व्यवसाय झोप.) चहाचा कप हातात घेता घेता त्यांनी खिडकीतल्या भुऱ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "अगं, बोका आहे की जावई? सोफ्यावर कसला चढवून ठेवतेस त्याला! जनावराला त्याची जागा दाखवावी."

मी हसले. पोहे पुढे केले. विषय बदलला. पण त्या गेल्यावर ते 'जागा दाखवावी' काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसले. मावशी, तुम्ही हे वाचणार याची मला पूर्ण कल्पना आहे. रागावू नका. भांडण तुमच्याशी नाही, त्या वाक्याशी आहे.

कारण ते वाक्य एकट्या मावशींचं नाही. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ते कुणी ना कुणी ऐकवतंच. मांजर हवं, पण फरशीवर. लाड हवेत, पण आपल्याला वेळ असेल तेव्हा. सोफ्यावर चढलं की हाकला, पलंगावर दिसलं की हाकला, आणि हाकलून ऐकलं नाही तर मग उपाय आहेतच. या उपायांची एक यादीच माझ्याकडे जमली आहे. पाण्याचा फवारा मारा. सोफ्यावर अल्युमिनियम फॉइल पसरा. वर्तमानपत्राची सुरळी करून द्या एक फटका. तिखट टाका. उशांखाली डांबराच्या गोळ्या ठेवा, एका मामांनी सांगितलेला हा रामबाण उपाय! अमेरिकेतल्या एका नातलगांनी तर सहज, भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं, "इकडे पूर्वी लोक नखंच काढून टाकायचे."

आधी या शेवटच्या दोघांचा निकाल लावते. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन मांजरांना विषारी असतं, रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतं. सोफा वाचवायला बोका मारायचा, हा तो रामबाण. आणि नखं काढणं म्हणजे आपण नेलकटरने कापतो तसं नव्हे. त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापून टाकतात. आपल्या बोटांची पेरं उडवावीत तसं. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याखाली हे करता येत नाही, न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. तेव्हा या दोन उपायांवर चर्चाच नको.

आता फवारा. हा मात्र सभ्य उपाय समजला जातो. पाणीच तर आहे, कुठे लागतंय? मीही असंच म्हणत होते. होय, हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही नवा सोफा घेतला. जाडसर विणीचं कापड, फिकट रंग, आणि हप्ते अजून सुरू. दुसऱ्याच दिवशी भुऱ्याने हाताच्या बाजूला नखं लावली. मी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली उचलली आणि फुस्स! भुऱ्या उडाला, पळाला. मला वाटलं, जमलं की! मग तीन आठवडे हाच उद्योग. चढला की फुस्स. नुसता सोफ्याकडे बघायला लागला तरी फुस्स.

भुऱ्या काय शिकला? सोफ्यावर चढू नये, हे नाही शिकला. रात्री आम्ही झोपल्यावर तो तिथेच झोपायचा, सकाळी उशी कोमट लागायची. तो एवढंच शिकला की ही बाई खोलीत असताना इथे असणं धोक्याचं आहे. थोडक्यात, सोफा वाईट नाही, मी वाईट. मी खोलीत आले की तो दिवाणाखाली. हाक मारली तरी बाहेर नाही. जेवण ठेवून मी बाजूला झाले की मगच येऊन खायचा. मी मनात म्हटलं, चला, शिस्त लागली.

आणि मग एका रविवारी तो दिवाणाखालून आलाच नाही. वाटीतलं जेवण तसंच. मी वाकून बघितलं तर अंग आक्रसून बसलेला, हात लावला तर विव्हळला. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि चेहरा गंभीर केला. लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते, ती बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घातली, सलाईन लावलं, चार दिवस दवाखान्यात ठेवलं. वाचला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची लघवी कधी केली?" मला सांगता आलं नाही. घरात कुणालाच सांगता आलं नाही. दिवसेंदिवस दिवाणाखाली राहणाऱ्या बोक्याचं काय चाललंय हे कुणाला कळणार? पूर्वी सोफ्यावर माझ्या मांडीशी पडलेला असायचा तेव्हा त्याचं खाणं, झोपणं, वाळूच्या पेटीकडे जाणं-येणं सगळं आपोआप दिसायचं. मांजर दुखणं लपवतं, जंगलात एकटं राहणाऱ्या प्राण्याला ते लपवावंच लागतं. ते आपल्या डोळ्यांसमोर राहील एवढीच सोय आपल्या हातात असते. ती सोय मी तीन आठवडे फवारा मारून मोडून काढली होती. फवाऱ्यामुळेच हे दुखणं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण मांजरांच्या या मूत्राशयाच्या त्रासामागे पुष्कळदा मनावरचा ताण असतो, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. बरं झालं.

असो. त्यानंतर मात्र मी जरा डोकं वापरायला सुरुवात केली.

मांजर वर का चढतं? आपल्याला चिडवायला नाही. आपली सगळी घरातली मांजरं मूळच्या एका छोट्या रानमांजराच्या वंशातली. पश्चिम आशियात पहिली शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले, त्यांच्या मागोमाग ही आली. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून हे नक्की झालं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे सोबत जुनी आहे. पण हा प्राणी एकाच वेळी शिकारी आणि शिकार, दोन्ही आहे. उंदीर धरतो, पण कुत्र्याला-कोल्ह्याला भितो. उंचावर बसलं की चहूकडे दिसतं आणि मागून कुणी येत नाही. म्हणून त्याला सोफ्याची पाठ लागते, कपाटाचा माथा लागतो.

मऊ उशीचंही तसंच. मांजराला आरामशीर वाटतं ते तापमान ३० ते ३८ अंश सेल्सियस! डिसेंबर-जानेवारीत आपली गुळगुळीत फरशी त्याला गारठवते, म्हणून ते उशीवर जातं. हाच भुऱ्या मे महिन्यात सोफ्याकडे ढुंकूनही बघत नाही, मोरीच्या दारात चारी पाय पसरून पडलेला असतो. आणि नखं घासणं? त्यात नखांवरची जुनी टरफलं निघतात, पाठ ताणली जाते आणि पंजांमधल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. हे घर माझं, अशी ती सही आहे. सही करू नकोस असं कुणाला सांगता येत नाही. कुठे कर, हे दाखवता येतं.

आणि हे आपल्या आज्ज्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या स्वयंपाकघरात आढ्याला शिंकं असायचं. दूध, दही, लोणी शिंक्यावर. आजीने बोक्याला 'लोण्याकडे बघायचं नाही' असे संस्कार कधी केले नाहीत. तिने दोरी बांधली आणि विषय संपवला. आणि शिंकं तुटून बोक्याचं फावलं तर चूक दोरीची, बोक्याची नव्हे. बोका बोक्यासारखाच वागला! आपण शिंकी काढून टाकली, फ्रीज आणले आणि ते शहाणपण मात्र विसरलो. आता दुधाचं भांडं उघडं ठेवून आपण बोक्याला शिस्त लावायला निघतो.

मग मी काय केलं? एक जाड लाकडी खांब घेतला, मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका उंच, आणि हलणार नाही असा बुडाशी पक्का. त्यावर काथ्याची दोरी गच्च गुंडाळली. तो खांब कोपऱ्यात नाही ठेवला, सोफ्याच्या त्याच बाजूला ठेवला जिथे सही चालायची. त्याने खांब ओरबाडला की लगेच एक खाऊ. खिडकीशी एक रुंद फळी ठोकली. सोफ्यावर एक जुनी सोलापुरी चादर टाकली, जी आठवड्याला धुतली जाते. महिन्याभरात सोफ्याला नखं लागणं जवळजवळ थांबलं. झोपायला मात्र तो तिथे येतो. येऊ दे.

"म्हणजे मांजराने वाट्टेल तिथे चढावं का?" नाही हो. ओटा बंद. तिथे गॅस असतो, उकळतं तेल असतं, आणि वाळूच्या पेटीतून आलेले पंजे पोळपाटावर नकोत, हे मलाही कळतं. पण तिथेही फवारा नाही. ओट्यावर काही उघडं राहत नाही, आणि शेजारी एक उंच स्टूल आहे. भुऱ्या ओट्यावर आला तर काही न बोलता उचलायचा, स्टुलावर ठेवायचा, तिथे बसला की खाऊ. त्याला मुळात ओटा नकोच होता, मी काय करतेय ते बघायचं होतं.

सासूबाईंना दमा आहे. त्यांची खोली भुऱ्याला कायमची बंद. ही सबब नव्हे, यात तथ्य आहे. पण ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची असते. ते हवेत तरंगतं, कापडाला चिकटतं. त्यामुळे त्याला नुसतं सोफ्यावरून उतरवून फारसं काही साधत नाही. झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवून साधतं. आणि ज्यांना मांजरापासून होणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मोसिस नावाच्या रोगाची भीती आहे, त्यांनी सोफा नव्हे, वाळूची पेटी बघावी. त्याचा संसर्ग विष्ठेतून होतो, आणि विष्ठा पडल्यावर तो लागायला निदान एक दिवस जावा लागतो. पेटी रोज साफ करा, गरोदर बाईने ते काम दुसऱ्याला द्यावं, मांस नीट शिजवा, भाज्या धुवा. सोफ्यावरचा बोका यात कुठे आला?

तर मावशी, माझं म्हणणं एवढंच. घरात कुठे चालेल आणि कुठे नाही हे आपण जरूर ठरवावं. पण जिथे नाही म्हणायचं तिथे दार लावावं, झाकण ठेवावं, शिंकं टांगावं. मांजराला आपली भीती बसवू नये. कारण ती भीती सोफ्यापुरती राहत नाही.

पुढच्या वेळी याल तेव्हा स्वच्छ चादर घालून ठेवीन. अर्धा सोफा तुमचा. उरलेल्या अर्ध्यावर कोण आहे ते बघून बसा, म्हणजे झालं.