मुक्काम फोर्टातच हवा

मुंबई पाहायला येणारी कुटुंबं चार पैसे वाचवायला दूर उपनगरात उतरतात आणि दिवसाचे उत्तम तास लोकलच्या गर्दीत घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. फोर्टात, सीएसएमटीच्या आसपास, जुन्या इमारतींच्या एखाद्या मजल्यावर परवडणारी, नव्या धाटणीची छोटी हॉटेलं आहेत. खोली बेताची, पण एसी, गरम पाणी, स्वच्छ चादरी. खिडकी आहे का आणि लिफ्ट चालते का, एवढं मात्र आधी फोन करून विचारावं. बाकी खोलीत बसायचंय कुणाला! सकाळी साडेसहाला खाली उतरा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं १८८८ मध्ये पूर्ण केलेलं स्टेशन समोर असतं. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती निवांत बघता येते. पलीकडे त्याचीच १८९३ची महापालिका. दहानंतर इथे मान वर करायलाही फुरसत मिळत नाही. तिथून वीसेक मिनिटं चाललं की ओव्हल मैदान: पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाचं गॉथिक दगडकाम, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोनं या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा मानलं. मुंबईत याहून सुंदर उभं राहण्याची जागा मला ठाऊक नाही. ऊन चढलं की आजी-आजोबांनी खोलीवर येऊन पाठ टेकावी आणि चारला चहा घेऊन गेटवेकडे निघावं. उपनगरातल्या मुक्कामात हे जमत नाही.